आजोबांचा तपासणी तक्ता

हृदयात दोन स्टेंट आणि डाव्या गुडघ्यात एक नवाकोरा सांधा घेऊन आजोबा दवाखान्यातून घरी आले, त्या दिवसापासून घरानं त्यांना छंद लावायचा चंग बांधला होता. अट एकच. छंद असा हवा की त्यात पडायला, धडकायला, दमायला आणि शक्यतो मजा यायला वाव नसावा.

लेकीनं हजार तुकड्यांचं पझल आणलं. लेक स्वतः फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे आजोबांच्या शरीराबाबत तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पवनचक्की, तळं आणि चार बदकं, असं ते चित्र होतं. अकराव्या दिवशी आजोबांनी ते पूर्ण केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आजीनं चष्मा लावला.

"अहो, हे चौथं बदक आभाळात काय करतंय?"

"उडतंय."

"पाण्यासकट?"

तपासाअंती कळलं की जे तुकडे बसायला कुरकुर करत होते ते आजोबांनी कानशीनं घासून बसवले होते. आता त्यांचीही बाजू ऐकायला हवी. चव्वेचाळीस वर्षं लिफ्टा दुरुस्त केलेल्या माणसाला एवढंच ठाऊक असतं की बसत नाही ते घासायचं, आणि घासूनही बसलं नाही तर हातोडी कुठेय ते बघायचं.

मग थोरल्या मुलानं गच्चीवर कुंड्या आणून दिल्या. आजोबांनी त्यांना पाणी घालायला दोरी, चाक आणि उलट वजन अशी यंत्रणा उभारली आणि तिसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या गाद्यांना अंघोळ घडली. रंगवायची वही आली, तर पोपट, परी, फुलपाखरू, सगळे यंत्राला मारतात त्या राखाडी रंगात. "गंज धरत नाही," आजोबांनी खुलासा केला.

शेवटी लेकीनं हात टेकले आणि पावलं मोजणारं घड्याळ त्यांच्या मनगटाला बांधलं. "रोज संध्याकाळी चार ते पाच चालायचं. सोबत पानाला न्या."

पाना म्हणजे लेकीची लेक, वय वर्षं सोळा. दात येताना हिनं आजोबांचा दहा नंबरचा पाना चघळला होता, तेव्हापासून तिचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत उरलं होतं. चालण्याचा छंद मात्र आजोबांना फारच मानवला. रोज सहा हजार पावलं! एका गुरुवारी तर अकरा हजार. लेकीनं तो आकडा आपल्या सगळ्या पेशंटांना दाखवला आणि म्हणाली, "बघा, बहात्तर वर्षं! आणि तुम्हाला जिना चढवत नाही."

ती अकरा हजार पावलं लोखंड कापणाऱ्या यांत्रिक करवतीनं टाकली होती. घराखालीच वर्कशॉप, वर्कशॉपच्या कोपऱ्यात ती करवत, करवतीच्या पुढेमागे होणाऱ्या दांड्याला बांधलेलं घड्याळ, आणि पलीकडे ताडपत्रीच्या आडोशाला आजोबा, पाना आणि म्हैस.

म्हैस ही आजोबांची मोटरसायकल. काळी, अवजड, सुरू होताना मान झटकणारी आणि मनात आलं की भर रस्त्यात बसकण मारणारी. थोरल्याच्या बारशाआधीपासून ती घरात होती आणि गेली नऊ वर्षं ताडपत्रीखाली झोपून होती. तीन महिने दोघांनी तिची आतडी काढून, धुऊन, परत आत घातली होती. खरं सांगायचं तर काढली आणि घातली पानानं. आजोबांच्या मानेतली कुठलीशी नस दबली होती, त्यामुळे डाव्या हाताची बोटं मधूनच रजेवर जायची. हातात धरलेला नट टणकन फरशीवर पडायचा आणि आजोबा त्याच्याकडे अशा नजरेनं बघायचे जसं काही त्यानंच फितुरी केलीय. मग ते स्टुलावर बसून सांगायचे आणि पाना करायची. हे गुपित त्या दोघांत होतं. गुडघ्याचं दुखणं माणूस चारचौघांत सांगतो, हृदयाचं तर फुशारकीनं सांगतो. पण नट हातातून पडतो, हे मिस्त्रीनं कुणाला सांगायचं?

आणि आज, रविवारी दुपारी चार वाजता, थोरला गिऱ्हाईक घेऊन आला.

*

गिऱ्हाईक दातांचा डॉक्टर होता. चाळिशीचा, गुळगुळीत, हातात नवे चामडी मोजे. त्यानं म्हशीकडे पाहिलं आणि तोंड उघडं टाकलं. इतरांना 'आ करा' म्हणायची सवय असलेल्या माणसाचं तोंड असं उघडं पाहून आजोबांना पहिल्यांदा थोडं बरं वाटलं. मग थोरला बोलला आणि ते बरं वाटणं संपलं.

"बाबा, हे म्हैस घेतायत. मी शब्द दिलाय."

"कुणाच्या म्हशीचा?"

"बाबा..."

"नाही, मी आपलं विचारतोय. माझीच आहे ना ती? का माझ्या सांध्यासोबत तीही बदलली?"

जिन्यावरून आजी खाली आली. तिचे केस ओले होते. अडुसष्टाव्या वर्षी दम्याचा फवारा पिशवीत टाकून ती पुन्हा पोहायला जायला लागली होती, आणि घरात कुणीही चकार शब्द काढला नव्हता, ही आजोबांची मुख्य तक्रार होती. आजीमागून लेक उतरली. तिच्या मागून पाना. पानाचे हात कोपरापर्यंत काळे होते, ते तिनं पाठीमागे धरले. हे लपवणं म्हणजे हत्तीनं छत्री उघडून आडोशाला उभं राहण्यातला प्रकार होता.

"मला का नाही सांगितलंस, दादा?" लेक म्हणाली.

"तुला सांगितलं असतं तर तू बाबांना सांगितलं असतंस."

"मी? मीच म्हणत होते ना, म्हैस घरात नको म्हणून!"

"म्हणत होतीस. मी केलं. दोन्हीत फरक आहे."

झालं. आजोबांनी मनातल्या मनात एक स्टूल ओढून घेतलं. इतकी वर्षं संसार केल्यावर माणसाला एवढं कळतं की समोरचे दोघं आपापसात भांडायला लागले की तोंड मिटून बसावं. दोन मिनिटांत लेक 'म्हैस विकू या'पासून 'विकायची का नाही ते आपण सगळ्यांनी ठरवू या'पर्यंत आली होती. आणखी दोन मिनिटं मिळाली असती तर तिनं दादालाच ताडपत्रीखाली घातलं असतं. पण तेवढ्यात तिची नजर करवतीकडे गेली.

"बाबांचं घड्याळ तिथं का बांधलंय?"

दातांचा डॉक्टर उगाच छताकडे बघायला लागला.

"आई," पाना म्हणाली, "तू चिडणार नाहीस असं आधी म्हण."

"अकरा हजार पावलं!" लेकीचा आवाज फाटला. "मी माझ्या सरांना दाखवली ती! सर म्हणाले, यांच्यावर शोधनिबंध लिहा!"

"लिही की," आजोबा म्हणाले. "फक्त पेशंटच्या जागी करवत लिही."

हे बोलायला नको होतं. लेक पुन्हा दादाच्या बाजूला जाऊन उभी राहिली, अक्षरशः, तीन पावलं चालत, आणि ती मात्र खरी पावलं होती. आता तिकडे थोरला, लेक आणि गिऱ्हाईक. इकडे आजोबा आणि काळ्या हातांची पाना. आजी मधोमध, केसांना टॉवेल गुंडाळून. आजी कुठं झुकते त्यावर या घरातल्या सगळ्या लढाया ठरत आल्या होत्या, आणि आजीला ते पक्कं माहीत असल्यामुळे ती कधीही घाई करत नसे.

"दवाखान्यातले डॉक्टर काय म्हणाले होते आठवतंय ना?" थोरल्यानं विचारलं.

"म्हणाले, गाडी चालवायला हरकत नाही."

"पुढचं वाक्य?"

"पुढचं मी ऐकलं नाही. गुडघा दुखत होता."

"म्हणाले, चालवायला हरकत नाही, पडायला आहे!"

"मग मी पडणार नाही. प्रश्न मिटला. हिला नाही का तुम्ही पाण्यात सोडली दमा असून?"

"मला मध्ये ओढू नका," आजी म्हणाली. "तिथे काठावर एक पोरगी शिट्टी घेऊन बसलेली असते. मी दोनदा जास्त खोकले तरी उडी मारते. तुमच्या काठावर कोण बसणारेय?"

आजोबांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

भिंतीवर लाल ऑइलपेंटनं लिहिलं होतं: दुरुस्त करील तो पहिला बसेल. अक्षरं आजोबांच्या वडिलांची. गावातली पहिली लिफ्ट त्यांनी सांभाळली होती, आणि लिफ्ट दुरुस्त झाली की मिस्त्रीनं आधी एकट्यानं वर जाऊन खाली यायचं, मगच माणसं आत सोडायची, हा नियम त्यांनी घालून दिला. त्या नियमापायी त्यांनी स्वतःच्या खांद्याचं हाड एकदा आणि बरगड्या दोनदा मोडून घेतल्या, पण गिऱ्हाईकाच्या नखाला धक्का लागू दिला नाही. पुढं तो नियम जिना चढून घरातही आला. खुर्चीचा पाय जोडणारा आधी खुर्चीत बसे. आमटी करणारी आधी चव घेई. आजीनं स्वतः शिवलेली छत्री घेऊन पहिल्यांदा पावसात उभं राहायचं नाकारलं, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता.

"म्हैस दुरुस्त झालीय," आजोबा म्हणाले. "गिऱ्हाईकाला बसून बघायचंय. बरोबर ना हो डॉक्टर?"

"म्हणजे... एक फेरी मारली असती," दातांचा डॉक्टर म्हणाला.

"मग त्यांच्याआधी मिस्त्री बसणार. का नियम बदललास तू?"

थोरल्याचे कान लाल झाले. लिफ्टांचं काम आता तोच बघायचा. मागच्याच महिन्यात, पहिली फेरी न मारता लिफ्ट सुरू केली म्हणून त्यानं आपल्या एका जुन्या कारागिराला आठवडाभर घरी बसवलं होतं. नियम म्हटला की थोरला गारद. लहानपणी तो विटीदांडू खेळतानाही आधी नियम लिहून काढायचा आणि सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत अंधार पडायचा.

"ठीक," तो म्हणाला. "दुरुस्ती कुणी केली?"

'मी' हा एकाक्षरी शब्द. तो म्हटला असता तर काम झालं असतं. पानानं त्यांच्याकडे बघून भुवई उडवली: म्हणा की, मी कुठं काही बोलतेय? पोरगी खोटं बोलायला एका पायावर तयार होती. पण तीन महिने जिनं बोटं सोलून घेतली तिचं काम आपल्या नावावर लावायचं, आणि तेही त्या भिंतीसमोर?

"हिनं," आजोबा म्हणाले. "प्रत्येक नट हिनं आवळला. मी स्टुलावर बसून शिव्या दिल्या. माझ्या डाव्या हातात पाना राहत नाही. पडतो."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं होतं तसं छत कोसळलं नाही. लेक फक्त पटकन त्यांच्या हाताकडे बघायला लागली. थोरल्यानं कान खाजवला. आणि आजी म्हणाली, "मला वाटलंच. शर्टाची बटणं महिनाभर चुकीच्या घरात लावताय. मी म्हटलं, एक तर हात गेला नाहीतर डोकं. हात आहे होय? बरं झालं."

"तुला म्हशीचं माहीत होतं?" थोरल्यानं विचारलं.

"अरे, तीन महिने माझ्या उशीला पेट्रोलचा वास येतोय. मी काय समजले, यांनी अत्तर बदललं?"

*

शिकाऊनं दुरुस्ती केली असेल तर उस्तादानं आधी बसायचं आणि शिकाऊनं खाली उभं राहून घाम पुसायचा, हाही नियमच होता, फक्त भिंतीवर जागा नसल्यामुळे लिहायचा राहिला होता. तो पानानं सगळ्यांना ऐकवला. वर आणखी म्हणाली, "पण मामा, सहा महिन्यांवर बंद असलेलं यंत्र सुरू करायचं तर आधी तपासणी लागते ना? तुझ्या बॅगेत तक्ते असतात. म्हशीची मी केलीय. आजोबांची तू कर."

"माणसाची तपासणी लिफ्टच्या तक्त्यावर?"

"रकाने तर आहेत."

थोरल्यानं नाही म्हणायला तोंड उघडलं. पण कोरा तक्ता म्हणजे त्याचा जन्मजात दुबळेपणा. त्याचा हात आपोआप बॅगेत गेला. आजोबांना मनोमन कळलं की नात फार पुढं जाणार, बहुधा तुरुंगात किंवा मंत्रालयात.

"यंत्र," थोरल्यानं वाचलं.

लेकीनं आजोबांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत मोजलं. मग त्यांना जिन्याच्या सहा पायऱ्या दोनदा चढायला लावल्या आणि पुन्हा मोजलं. "ठीक आहे," ती नाइलाजानं म्हणाली. "करवतीनं चालून इतकं ठीक कसं राहिलं देव जाणे."

"आवाज?"

"चढताना गुडघा कटकट करतो."

"गुडघा नाही, तुझी आई," आजोबा म्हणाले.

"ब्रेक."

उजवा हात, उजवा पाय. दोन्ही कडक. दातांच्या डॉक्टरानं हात पुढं करून पकड बघितली आणि "आई गं" म्हणाला. ते वाक्य थोरल्यानं जसंच्या तसं शेऱ्यात उतरवलं.

"दरवाजा."

"दरवाजा म्हणजे तोंड," आजी म्हणाली. "बंद होत नाही. लिही."

"आई, प्लीज."

"लिही म्हणते ना! चव्वेचाळीस वर्षं लोकांचे दरवाजे दुरुस्त केले, घरचा उघडाच."

"दोर," थोरल्यानं वाचलं, आणि सगळ्यांचं हसू थांबलं.

दोर म्हणजे डावा हात. पानानं म्हशीच्या सीटवर राहिलेली ताडपत्री ओढून काढली. आजोबा सीटवर बसले, नऊ वर्षांनी, सगळ्यांसमोर, आणि त्यांनी क्लच धरला. वळणापलीकडच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे क्लच तीसेक वेळा तरी दाबावा लागणार, असा पानाचा हिशोब होता. "एक," ती म्हणाली. "दोन."

दहापर्यंत आजोबा इकडेतिकडे बघत, हसत दाबत होते. पंधरापाशी हसू ओठांवर तसंच राहिलं, पण आतलं माणूस निघून गेलं. वीस. एकवीस. बाविसाव्या वेळी बोटांनी क्लच दाबला आणि मग त्यांचं त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, ती हळूच, एकेक करून, उघडली. आजोबांनी ती उघडली नव्हती. त्यांनी फक्त बघितली.

"बावीस," पाना बारीक आवाजात म्हणाली.

कुणी टोमणा मारला असता तर किती बरं झालं असतं.

"बावीस लिहू?" थोरल्यानं विचारलं.

"किती झालं ते लिही. मी काय लाच देणारेय?"

थोरल्यानं लिहिलं. मग त्याची पेन्सिल शेवटच्या रकान्यावर आली आणि तिथंच थांबली. धोक्याची घंटा.

"हे मी नाही भरणार," तो म्हणाला.

"का? हॉर्न आहे की," पाना म्हणाली. "नवी बॅटरी बसवलीय. इंजिन बंद असलं तरी वाजतो. मी सगळ्यात आधी तोच केला."

"म्हशीच्या हॉर्नचं नाही गं बोलत." थोरल्यानं तक्ता खाली केला. तो ओरडला असता तर आजोबांनी दोन ओरडे परत दिले असते. पण तो खालच्या आवाजात बोलत होता. "बाबा, त्या दिवशी तुमच्या छातीत सकाळी दहाला दुखायला लागलं. मी याच खोलीत होतो. इथं, त्या टेबलाशी. तुम्ही समोर बसून शेजारच्यांचा मिक्सर दुरुस्त करत होतात. पित्ताची गोळी खाल्लीत, मला म्हणालात, जेवून घे. संध्याकाळी चारला मिक्सर सुरू करून दाखवलात आणि मग पडलात. सहा तास! लिफ्टमध्ये अडकलेल्या प्रत्येक माणसाला तुम्ही ओरडून सांगायचात, धडपडू नका, घंटा दाबा आणि थांबा. तुम्ही दाबलीत? मला त्या म्हशीची भीती नाही वाटत. तुम्ही पडाल याचीही नाही. तुम्ही पडाल आणि कुणाला सांगणार नाही, याची वाटते."

मिक्सरचा विषय घरात याआधी कुणी काढला नव्हता. आजोबांनी म्हशीच्या टाकीवरचा एक नसलेला डाग अंगठ्यानं पुसला. त्यांना आठवत होतं की मिक्सर अर्धवट राहील याला जेवढे, त्याहून थोडे जास्तच, ते थोरल्याच्या चेहऱ्याला भ्यायले होते. पोरगा घाबरेल म्हणून सहा तास. आणि आता पोरगा आठ महिने घाबरलेलाच होता, हे त्यांना आत्ता कळत होतं.

"मिक्सर चालला पण," ते पुटपुटले.

"चालला," आजी म्हणाली. "शेजारीण अजून चटणी वाटते त्यात. आणि मी अजून चारच्या ठोक्याला तुमच्याकडे बघते." मग ती थोरल्याकडे वळली. "तक्त्याच्या खाली तीन चौकटी असतात ना रे? योग्य, अयोग्य आणि ती तिसरी?"

"अटींसह योग्य."

"ती कर. एकट्यानं जायचं. पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. आणि अडकलात तर घंटा." तिनं टॉवेल सोडून आजोबांच्या गळ्याभोवती मफलरसारखा गुंडाळला. तो ओला होता. "मी काठावर बसते. शिट्टी नाहीये माझ्याकडे, पण आवाज आहे."

लेकीनं हेल्मेटचा पट्टा आवळला. जरा जास्तच. करवतीचा राग निघायचा राहिला होता.

थोरल्यानं तिसऱ्या चौकटीत खूण केली. शेवटचा रकाना तसाच कोरा ठेवला.

*

पाचव्या किकेला म्हशीनं मान झटकली आणि हंबरली. गल्लीतल्या दोन मांजरांनी आणि दातांच्या डॉक्टरानं एकदमच उडी मारली.

वर्कशॉपपासून गल्ली उताराची होती. धोब्याच्या दुकानापाशी वळण, वळणापलीकडे पाण्याची टाकी. आजोबा सुटले. वारा हेल्मेटमध्ये शिरला आणि बहात्तर वर्षांच्या त्या माणसाच्या तोंडून असा काही चीत्कार निघाला की बरं झालं म्हशीच्या आवाजात तो बुडाला, नाहीतर गल्लीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. दवाखान्यातलं छत, त्या छतावरचे एकशे बारा चौकोन, राखाडी पोपट, आभाळातलं बदक, सगळं मागं पडलं. धोब्यानं इस्त्री हातात घेऊन सलाम केला. आजोबांनी मान हलवली, राजासारखी. वळण. डावा हात. चौदा, पंधरा. छान चाललंय. टाकी. गाडी वळवून घ्यायची. अठरा. एकोणीस.

विसाव्याला बोटांनी रजा टाकली. बाविसाची हमी होती, पण रस्त्यावरचा क्लच वर्कशॉपातल्या क्लचपेक्षा जड असतो, हे कुठल्या तक्त्यात लिहिलेलं नसतं. म्हशीनं एक गचका दिला आणि ती टाकीच्या भिंतीशी तोंड करून गप्प झाली.

आजोबा पडले नाहीत. दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले. बघा, पडलो नाही, ते मनात म्हणाले. मग त्यांनी किक मारली. दुसरी. तिसरी. चौथीला डोळ्यांपुढे बारीक काजवे आले आणि त्यांनी पाय खाली घेतला.

परतीला चढ होता. दोनशे पावलं. खरी, करवतीची नव्हे. उतरावं, म्हैस ढकलत न्यावी, वळणापाशी दम घ्यावा, आणि मग वर्कशॉपसमोर ऐटीत उभं राहून म्हणावं, जरा ढकलून बघितली, व्यायाम. कुणाला कळणारही नाही. या विचारानं ते उतरलेसुद्धा. हँडल धरलं आणि पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि छातीत काही दुखलं नाही. अजिबात नाही. फक्त तिथं, शर्टाच्या खिशामागे, काहीतरी जागं झालं आणि त्यांच्याकडे बघायला लागलं.

अंधाऱ्या खोबणीत, दोन मजल्यांच्या मध्ये, बंद डब्यात अडकलेल्या किती माणसांना त्यांनी वरून हाका मारल्या होत्या. शहाणी माणसं घंटा दाबून गप्प बसायची. दीडशहाणी दार उचकटायला जायची. मिस्त्रींचा सगळा जन्म दीडशहाण्यांना शिव्या घालण्यात गेला होता.

आजोबा पुन्हा सीटवर बसले. उजवा अंगठा हॉर्नवर ठेवला. हा अंगठा एवढा जड कसा झाला? दोर डावीकडचा तुटलाय ना? पलीकडच्या भिंतीवर एक कावळा बसून त्यांच्याकडे बघत होता.

"बघतोस काय," आजोबा त्याला म्हणाले, आणि दाबला.

पानानं काय हॉर्न बसवला होता! आगबोट बंदरात शिरावी तसा. कावळा गेला, टाकीवरची कबुतरं गेली, वरच्या मजल्यांवरच्या चार खिडक्या उघडल्या. आजोबांनी अंगठा उचलला नाही. एकदा दाबलाच आहे, तर सहा तासांचा सगळा दाबून घ्यावा, असं त्यांना वाटलं.

वळणावरून सगळ्यात आधी थोरला आला. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, शर्ट बाहेर, आणि चेहरा असा की आजोबांना वाटलं, हा सहा वर्षांचा असताना शाळेत हरवला होता तेव्हाचाच आहे हा. त्याच्यामागे पाना, तिच्यामागे लेक, हातमोजे घातलेला दातांचा डॉक्टर, आणि बऱ्याच मागं, मोकळे ओले केस उडवत, "आले, आले, धडपडू नका!" असं ओरडत आजी.

थोरला म्हशीपाशी येऊन थांबला. आजोबांना वरपासून खालपर्यंत बघितलं. रक्त नाही. काही तुटलेलं नाही.

"अडकलो," आजोबा म्हणाले. "हात गेला. किका मारल्या, काजवे दिसले. मग दाबली."

थोरला गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि धापा टाकत राहिला. त्याचे खांदे हलत होते. हसतोय का रडतोय ते आजोबांना वरून कळेना, आणि त्यांनी विचारलंही नाही.

"ढकलू का?" दातांच्या डॉक्टरानं विचारलं. "आणि... म्हणजे आता ही विकायची आहे, का कसं?"

"सध्या विक्रीला नाही," थोरला सरळ होत म्हणाला. "हलका क्लच बसवायचाय. पाना, बसेल का गं?"

"नाही बसला तर घासू," पाना म्हणाली.

"तुम्ही मागून लावा हात, डॉक्टर," आजी पोचल्या पोचल्या म्हणाली. "गिऱ्हाईक आहात, चहा मिळेल. अहो, तुम्ही उतरू नका. राजासारखे बसा. एरवी तरी काय करता?"

थोरल्यानं खिशातून चौघडी घातलेला तक्ता काढला, म्हशीच्या गरम टाकीवर पसरला आणि कानामागची पेन्सिल घेतली. टाकीच्या गोलाईवर अक्षर वाकडंतिकडं आलं. आजोबांनी चष्मा वर करून वाचलं.

धोक्याची घंटा: चालू. प्रत्यक्ष ऐकली.